वाचकांचे प्रश्न : विक्रीपूर्वी घर सजवावे काय?

प्रश्न : कोथरूडमधील आमची वीस वर्षांपूर्वीची दोन शयनगृहांची सदनिका रिकामी असून ती विक्रीस काढली आहे. एजंटांचे म्हणणे असे, की भाड्याचे फर्निचर, पडदे आणि दिवे मांडून देणाऱ्या व्यावसायिकांकडून ती दोन महिने सजवून घ्यावी. खर्च दीड लाख. तो सार्थकी लागेल काय, आणि प्राप्तिकरात वजावट मिळेल काय? गच्चीलगतच्या भिंतीस पावसाळ्यात ओल येते. तीही रंगवून टाका, असा त्यांचा सल्ला आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : रिकामी खोली आहे त्याहून लहान भासते, हा अनुभव घर पाहावयास गेलेल्या प्रत्येकाचा आहे, कारण उघड्या फरशीवर नजर ठरत नाही आणि आपला पलंग येथे मावेल की नाही, हे ग्राहकास कळत नाही. तेथे योग्य मापाचा पलंग, खिडकीशी एक खुर्ची आणि निस्तेज ट्यूबलाइटच्या जागी उबदार प्रकाशाचा दिवा एवढे जरी असले, तरी तेच दालन राहते वाटू लागते. व्यावसायिकाचे कौशल्य ते इतकेच, आणि त्यात गैर काही नाही. मात्र काही ठिकाणी खोली मोठी दिसावी म्हणून मुद्दाम आखूड पलंग मांडला जातो, ही युक्ती मला प्रशस्त वाटत नाही. चटई क्षेत्र मोजणारा ग्राहक ती ओळखतो आणि मग साऱ्याच बोलण्याविषयी साशंक होतो. प्रथम साफसफाई, गळक्या नळाची दुरुस्ती आणि माळ्यावरील अडगळीची विल्हेवाट एवढे करून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

कराविषयी थोडक्यात सांगतो. भांडवली नफा काढताना दलालीसारखा केवळ हस्तांतरणासाठी झालेला खर्च वजा होतो, आणि कायमस्वरूपी सुधारणा खरेदीच्या किमतीत मिळवता येते. भाड्याचा सोफा ही सुधारणा नव्हेच, आणि हस्तांतरणाचा खर्च म्हणून तो दाखविल्यास अधिकारी हरकत घेण्याचा संभव आहे. २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साडेबारा टक्के दराने, वजावट पूर्ण मान्य झाली तरी, वाचणारा कर उपकर सोडून १८,७५० रुपये होतो. तेव्हा करबचतीच्या भरवशावर हा खर्च करू नये. पावत्या मात्र जपाव्यात.

ओलीविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ अन्वये, विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि ग्राहकास साधारण दक्षता घेऊनही न उमगणारा मिळकतीतील महत्त्वाचा दोष त्याने उघड केला पाहिजे, आणि तो उघड न करणे हे कपटाचे कृत्य होय, असे ते कलमच स्पष्ट शब्दांत म्हणते. उन्हाळ्यात रंगवलेली भिंत जुलैत पुन्हा काळी पडते. तोवर खरेदीखताची नोंदणी होऊन ताबाही गेलेला असतो, आणि नवा मालक वकिलाची नोटीस धाडतो. सोसायटीकडून गच्चीचे जलरोधन करून घ्यावे. ते न जमल्यास दोष साठेखतात लेखी नमूद करून मोबदल्यात यथोचित सूट द्यावी. भाड्याच्या वस्तू कोणत्या आणि सदनिकेसोबत जाणारे कपाट वा पंखे कोणते, याची यादीही त्याच दस्तऐवजास जोडावी, म्हणजे सजावटीचे झुंबर ग्राहक आपले म्हणून मागणार नाही.