उंटाचा रंग आणि संगणकाचा हिशेब

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी बुद्धिबळाच्या सामन्याहून हिरमुसला होऊन परत आला. डावाच्या अखेरीस त्याच्याजवळ नुसता राजा उरला होता आणि प्रतिस्पर्ध्याजवळ राजा, एक उंट व पटाच्या कडेचे एक प्यादे. "सर, तो एक उंट आणि एक प्यादे पुढे होता. मग मी डाव सोडला," तो म्हणाला. मी त्याला पट मांडायला सांगितले. पाहतो तो काय, हरलेला म्हणून सोडलेला तो डाव चक्क बरोबरीचा होता! त्याने मोहरी मोजली, पण प्रतिस्पर्ध्याचा उंट कोणत्या रंगाच्या घरांतून चालतो हे पाहिलेच नाही. गंमत अशी, की मोठमोठ्या खेळाडूंना हरवणारे संगणकही कधी कधी हीच चूक करतात. ती कशी होते, ते आज पाहू.

प्रथम एक छोटा सिद्धान्त. पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच अशी नावे असतात, तर आडव्या ओळींना १ ते ८ असे क्रमांक. ए म्हणजे १, बी म्हणजे २, असे एचपर्यंत समजा. आता कोणत्याही घराच्या दोन्ही अंकांची बेरीज करा. बेरीज सम आली तर घर काळे, विषम आली तर पांढरे. उदाहरणार्थ, ए१ ची बेरीज २, म्हणून ते काळे. उंट तिरका चालतो. तो तीन घरे सरकला तर दोन्ही अंक तीन-तीनने बदलतात. म्हणजे बेरीज एक तर सहाने बदलते किंवा मुळीच बदलत नाही. हा बदल नेहमी समच असणार. म्हणून काळ्या घरावरचा उंट जन्मभर काळ्या घरांवरच राहतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या डावासारखी मांडणी करा. पांढऱ्याचा राजा एफ६ वर, उंट डी३ वर, प्यादे एच६ वर. काळ्याचा राजा एच८ वर, आणि खेळी काळ्याची. प्यादे एच८ वर पोचले की वजीर होईल. पण एच८ ची बेरीज १६, म्हणजे घर काळे, आणि डी३ ची ७, म्हणजे उंट पांढऱ्या घरांवरचा. काळा राजा एच८ आणि जी८ यांच्यामध्ये येरझारा घालत राहतो. प्यादे एच७ वर येऊन शह बसला की तो कोपऱ्यात शिरतो, आणि तेथून त्याला हुसकावणे उंटाला शक्य नाही. पांढऱ्याने फार आवळून धरले तर शह नसताना काळ्या राजाला हलायला जागाच उरत नाही, आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटतो. पांढऱ्या घरांवरचे आणखी दहा उंट आणून दिले तरी उत्तर तेच!

संगणक हे कसे पाहतो? १९५० साली अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॉड शॅनन यांनी याचा आराखडा एका लेखात मांडला. वजिराला ९ गुण, हत्तीला ५, उंट व घोडा यांना प्रत्येकी ३, प्याद्याला १. काही खेळ्या पुढे पाहायचे आणि तेथे गुणांची बेरीज-वजाबाकी करायची. पण पुढे किती पाहणार? दर वेळी साधारण ३० खेळ्या शक्य आहेत असे धरले, तर दोघांच्या तीन-तीन खेळ्यांतच सुमारे ७३ कोटी शक्यता होतात. १९९७ साली गॅरी कास्पारोव्ह यांना हरवणारा 'डीप ब्लू' हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत होता. आजच्या आज्ञावल्या निरुपयोगी शक्यता आधीच छाटतात, स्थितीचे मोलही अधिक बारकाईने ठरवतात. तरी कोठेतरी थांबून अंदाज करावाच लागतो, आणि त्या अंदाजात मोहऱ्यांचे वजन भारी पडते.

म्हणूनच पुढील कोडे फार बोलके आहे. ते पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक (२०२०) मिळवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांचे असून २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. पटावर मांडूनच वाचा.

पांढरा: राजा ई२, प्यादी ए२, बी३, सी४, सी६.
काळा: राजा ए६; वजीर ए५; हत्ती ए४, बी५; उंट ई५, एफ४, जी३; प्यादी ए३, ए७, बी४, बी६, सी५.

काळ्याचे तीन उंट पाहून दचकू नका. प्याद्याचा वजीर न करता उंटही करता येतो. खेळी पांढऱ्याची आहे. गुण मोजा: काळ्याचे ३३, पांढऱ्याचे ४. त्या वेळच्या बुद्धिबळाच्या आज्ञावल्यांनी काळा जिंकतो असाच कौल दिला. आता तुम्ही पाहा. काळ्याचा राजा, वजीर, दोन्ही हत्ती आणि पाचही प्यादी एकमेकांत अशी अडकली आहेत, की कोणालाच हलता येत नाही. हलतात ते फक्त उंट. तिघांच्याही घरांची बेरीज १०, म्हणजे तिघेही काळ्या घरांवरचे. आणि पांढऱ्याची प्यादी? बेरजा ३, ५, ७, ९. सारी पांढऱ्या घरांवर! त्यांतले एकही प्यादे उंटांना मारता येणार नाही. पांढऱ्याने बी५ किंवा ए४ वरचा हत्ती मारण्याचा मोह आवरावा, नाहीतर कोंडलेली फौज मोकळी होईल. राजाने पांढऱ्या घरांवरूनच हिंडावे. त्याला शह बसूच शकत नाही. दोघांच्या ५० खेळ्यांत कोणी मारले गेले नाही व प्यादेही हलले नाही, तर नियमाने बरोबरी मागता येते.

उंट पटभर फिरत असल्याने संगणकाला दर वेळी नवी स्थिती दिसते, आणि ५० खेळ्यांचा शेवट फार दूर असतो. सात मोहऱ्यांपर्यंतच्या साऱ्या स्थितींची उत्तरे आता संगणकात साठवलेली आहेत. त्यामुळे आपला पहिला डाव तो बिनचूक सांगतो. पण या कोड्यात १७ मोहरी आहेत.

यावरून संगणक मूर्ख ठरतो असे नाही. त्याला पांढरा खेळायला दिला तर तोही बहुधा राजाच हलवत बसेल. चुकतो तो त्याचा आकडा. शिवाय असा नियम आज्ञावलीत लिहून देताही येतो. मुद्दा पद्धतीचा आहे. वाटीत सोडलेली गोटी कोणत्या वाटेने जाईल हे न मोजताही, ती सोडलेल्या उंचीच्या वर चढणार नाही हे आपण सांगतो, कारण ऊर्जा अक्षय्य आहे. तसेच येथे उंटाचा रंग अक्षय्य आहे. कोट्यवधी खेळ्या तपासून जे हाती लागत नाही, ते न बदलणारी एक गोष्ट ओळखल्याने मिळते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरचा आकडा पाहून डाव सोडण्यापूर्वी, किंवा गणिताचे उत्तर मान्य करण्यापूर्वी, येथे काय बदलत नाही, हे स्वतःला विचारा.

करून पाहा: पहिल्या मांडणीत उंट डी३ ऐवजी ई३ वर ठेवा. खेळी काळ्याचीच. आता पांढरा जिंकतो. कसा, ते मित्राबरोबर खेळून शोधा. शिक्षकांनी हाच प्रश्न वर्गात पट मांडून विचारावा. सम-विषम संख्यांचा पाठ मुले सहसा विसरणार नाहीत.