प्रश्न समजून घेण्याचे शिक्षण

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत भेटीस येतात, तेव्हा जेवणानंतरच्या गप्पांत एक तक्रार आम्ही गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहोत. दहावी-बारावीला गणितात उत्तम गुण मिळवलेले आपले काही विद्यार्थी अभियांत्रिकीच्या किंवा विज्ञान शाखेच्या पहिल्याच वर्षी अडखळतात. "सर, सगळे पाठ होते, पण प्रश्न फिरवून विचारला होता," असे ते सांगतात. हे ऐकताना आमची मान खाली जाते. कारण पाठ करून घेणारे आम्हीच होतो. सायंकाळच्या अभ्यासिकेत जुन्या प्रश्नपत्रिका घोटवून घेणे म्हणजेच अध्यापन, अशी आमची दीर्घकाळ समजूत होती.

घरातून पहिल्यानेच पदवीपर्यंत पोचू पाहणाऱ्या मुलाचे एक वर्ष वाया जाणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याची शिष्यवृत्ती अडते आणि धाकट्या बहिणीला पुढे शिकवावे की नाही, याचा निर्णयही पुष्कळदा त्याच निकालावर होतो. म्हणून महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याला विश्लेषण आणि समस्या सोडवणे कसे शिकवता येईल, याचा थोडा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम एक छोटे उदाहरण. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन ते स्वतः करून पाहावे. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येसाठी 'वि' आणि प्राध्यापकांच्या संख्येसाठी 'प्रा' ही अक्षरे घेऊन हे विधान समीकरणात लिहा.

पुष्कळ जण ६ वि = प्रा असे लिहितात. आता प्राध्यापक १० धरा. विद्यार्थी ६० होतात. त्या समीकरणात ६० घातले, तर डावीकडे ३६० येतात आणि उजवीकडे १० उरतात. बरोबर समीकरण वि = ६ प्रा हे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक या संशोधकांनी हाच प्रश्न अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना घातला होता. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार ३७ टक्के विद्यार्थी चुकले. त्यांना गणित येत नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्यांनी 'वि' हे अक्षर संख्येऐवजी 'विद्यार्थी' या शब्दाचे लघुरूप म्हणून वाचले आणि सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक असे मनातले चित्र जसेच्या तसे कागदावर उतरवले. आमच्या अकरावीच्या वर्गात हा प्रश्न घातला, तेव्हा सर्वांत चपळ मुलानेच सर्वांत आधी चुकीचे समीकरण लिहिले. त्याला १० आणि ६० हे आकडे घालून पाहा म्हटल्यावर तो स्वतःच हसला. आकडे घालून पाहण्याची ती सवय आम्ही त्याला कधी लावली नव्हती, हे मात्र आम्हाला हसण्यावारी नेता आले नाही.

स्वतःचे उत्तर तपासून पाहणे मनुष्यस्वभावाला रुचत नाही. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याची साक्ष देतो. त्यांनी विद्यार्थ्यांना २, ४, ६ ही तीन संख्यांची मालिका दिली. ती एका नियमाने बनली आहे; तुम्ही हव्या तितक्या मालिका सुचवा, त्या नियमात बसतात की नाही ते मी सांगेन; खात्री झाली की नियम सांगा, असा तो खेळ होता. बहुतेकांच्या मनात 'दोनदोनने वाढणाऱ्या संख्या' अशासारखा काही नियम आला आणि त्यांनी ८, १०, १२ अशा, त्या नियमाला दुजोरा देणाऱ्याच मालिका विचारल्या. प्रत्येक वेळी 'बसते' असे उत्तर आले. खरा नियम 'चढत्या क्रमाच्या कोणत्याही तीन संख्या' एवढाच होता. १, ७, २० असे विचारले असते तरी भ्रम फिटला असता. २९ विद्यार्थ्यांपैकी केवळ ६ जणांनी पहिल्याच प्रयत्नात अचूक नियम सांगितला. आपली कल्पना खोटी ठरेल असा प्रश्न मुद्दाम विचारणे, हे कौशल्य आपोआप येत नाही, ते शिकवावे लागते.

या संदर्भात एका विद्यापीठीय निबंधाची आठवण अपरिहार्य आहे. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. त्या निबंधाचा निष्कर्ष आपण सर्व जाणतो. विद्यार्थ्याने पाहावी ती त्याची रचना. सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या ते एकामागून एक समोर ठेवतात. केतकरांचा ते आदराने उल्लेख करतात. तरीही त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे दाखवून देतात. अशा रीतीने गाळता गाळता जातीबाहेरच्या विवाहाला बंदी हे एकच मूळ लक्षण हाती उरते. मग प्रश्नाचे रूपच पालटते. बंदी टिकवायची, तर गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पती किंवा पत्नी वारल्यावर मागे उरलेल्या स्त्रीचे आणि पुरुषाचे गटाने काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढींचा उलगडा त्यांनी या प्रश्नातून केला. एवढ्या अवाढव्य विषयाला एका नेमक्या प्रश्नापर्यंत आणणे, यालाच आम्ही विश्लेषण म्हणतो. त्याच विद्यापीठात त्यांनी जॉन ड्यूई यांची व्याख्याने ऐकली होती. विचाराची सुरुवात जाणवलेल्या अडचणीतून होते आणि ती अडचण नेमकी कोठे आहे हे निश्चित केल्यावाचून उपायाकडे वळू नये, असे ड्यूईंनी १९१० च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. गुरुशिष्यांचा योग जुळला तो असा.

आता पद्धतीविषयी. पोल्या यांचे १९४५ चे पुस्तक प्रश्न समजून घ्या, आराखडा करा, तो पार पाडा आणि मागे वळून पाहा, अशा चार पायऱ्या सांगते. त्या फळ्यावर लिहून आम्ही मुलांकडून पाठ करून घेतल्या आणि आमचीच जुनी चूक नव्याने केली! मुलांना पायऱ्या म्हणून दाखवता येत होत्या, चढता येत नव्हत्या.

खरा उपयोग झाला तो व्हिंबी आणि लॉकहेड यांच्या जोडीने सोडवण्याच्या पद्धतीचा. दोघे समोरासमोर बसतात. एक जण प्रश्न सोडवताना मनात येणारे सर्व काही मोठ्याने बोलतो. दुसरा केवळ ऐकतो. ऐकणाऱ्याने उत्तर सांगायचे नाही, सुचवायचे नाही; मात्र सोडवणारा एखादी पायरी गाळून पुढे गेला, तर त्याला थांबवायचे : "हे कोठून आले?" पुढच्या प्रश्नाला भूमिका बदलतात. गेल्या उन्हाळ्यात महाविद्यालयीन माजी विद्यार्थ्यांसाठी भोजनगृहात रविवारी सकाळी आम्ही हे सुरू केले. पहिले दोन रविवार गोंगाटाचे गेले. हुशार मुलांना ऐकण्याचे काम फार जड जाते. त्यांचे ओठ शिवशिवतात. मुली या कामात अधिक लवकर रुळल्या, असे आमचे निरीक्षण आहे. त्यावर कोणी रुसू नये.

पालकांना येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ऐकणाऱ्याला उत्तर ठाऊक असण्याची गरज नसते. आमची एक माजी विद्यार्थिनी सुटीत घरी गेली, तेव्हा तिने आईलाच समोर बसवले. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. मुलगी संभाव्यतेचे गणित बोलत बोलत सोडवीत होती आणि आई ज्वारी निवडत ऐकत होती. मध्येच आई म्हणाली, "अगं, आत्ता तू पाच चेंडू म्हणालीस, आता चार कसे झाले?" पिशवीतून काढलेला चेंडू परत टाकला आहे की नाही, हे मुलीने प्रश्नात वाचलेच नव्हते. त्या रात्री मायलेकींनी आणखी तीन गणिते केली. येत्या उन्हाळ्याच्या वर्गाला तिने आईसाठीही जागा मागितली आहे आणि आम्ही ती ठेवली आहे.