ताईचा हिवाळा

प्रस्तावना

प्रवासवर्णन म्हटले की आपल्यासमोर स्थळे उभी राहतात : राजवाडे, पूल, बागा, संग्रहालये. पुढील पाठात अशी स्थळे फार थोडी आहेत. लेखिका डिसेंबर २०२३ मध्ये लंडनला गेल्या त्या थोरल्या बहिणीला भेटायला, आणि मनात एक हेतू धरून. तो हेतू कोणता होता आणि पुढे त्याचे काय झाले, याकडे लक्ष ठेवून हा पाठ वाचा. कामासाठी घर सोडून दूर गेलेले माणूस तुमच्याही कुटुंबात असेल. कदाचित ते माणूस तुम्ही स्वतःच असाल. वाचताना त्याची आठवण झाली, तर ती पाठाबाहेरची समजू नका.

मूळ पाठ

विमान हीथ्रोवर उतरले तेव्हा माझ्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि तिथल्या घड्याळात दुपारचे चार. बाहेर मात्र दुपार कुठेच नव्हती. दिवे लागले होते, रस्ते ओले होते आणि मला न्यायला आलेला भाचा, "मावशी, आता आठ महिने असंच," असे म्हणून हसत होता. तो इंग्रजीतच बोलला. त्यातले 'मावशी' तेवढे मराठी.

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे एकोणीस अंशांवर आहे आणि लंडन साडेएक्कावन्न अंशांवर. शाळेत अक्षवृत्ते पाठ केली होती. त्यांचा अर्थ डोळ्यांना कळला तो त्या आठवड्यात. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. मधल्या वेळातही तो डोक्यावर म्हणून येत नाही; घरांच्या धुराड्यांना टेकत टेकत दक्षिणेच्या कडेने सरकतो, आणि तोही ढगांनी परवानगी दिली तर. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत चार बोटे ऊन पडले. ताई खुर्ची ओढून त्यात बसली. "पन्नास वर्षं झाली," ती म्हणाली, "या उन्हात पापड वाळायची वाट बघतेय."

जानेवारी १९७४ मध्ये ताई परिचारिकेचे शिक्षण घ्यायला मिरजेहून निघाली, तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि मी पहिलीत. स्थानकावरची तिची लोखंडी ट्रंक आणि आईने डोळ्यांना लावलेला पदर, एवढेच मला आठवते. बाकीची ताई मला निळ्या हवाई पत्रांतून भेटली. ती पोहोचली त्या दिवसांत कोळसा खाणीतल्या कामगारांच्या संघर्षामुळे ब्रिटनमध्ये वीज वाचवण्यासाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते. तिच्या भाड्याच्या खोलीत गॅसच्या शेगडीला मीटर होता. त्यात नाणे टाकले की शेगडी पेटे. पैसे संपले की विझे. "अभ्यास करताना एक डोळा पुस्तकावर आणि एक मीटरवर," असे ती सांगते. पत्रांत मात्र तिने कधी थंडी लिहिली नाही. फुले लिहिली, बर्फ लिहिले, राणीचे सैनिक लिहिले.

हॅरो भागातले तिचे घर दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेले, दुमजली. दोन वर्षांपूर्वी, मे २०२१ मध्ये, याच घरी भाऊजी गेले. त्या वर्षी २३ एप्रिलपासून ब्रिटनने साथीमुळे भारताला 'लाल यादी'त टाकले होते. आम्हां कोणालाही जाता आले नाही. अंत्यविधी आम्ही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिला. पडदा मध्येच गोठला तेव्हा ताई एका बाकावर एकटी बसलेली होती, आणि काही क्षण ती तशीच दिसत राहिली. ते चित्र माझ्या मनातून गेले नाही. म्हणूनच मी निघताना दोन पेट्या घेतल्या होत्या. एक भरलेली, दुसरी रिकामी. रिकामी पेटी ताईच्या सामानासाठी होती. तिला परत आणायचे, हे मी मनाशी ठरवून टाकले होते. तिला विचारले नव्हते.

तिच्या घरात वावरताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी जाणवली. ताईची मराठी माझ्यापेक्षा जुनी होती. पाणी तापवणाऱ्या यंत्राला ती 'बंब' म्हणते, भिंतीतल्या कपाटाला 'फडताळ' आणि स्वतःच्या घराला 'बिऱ्हाड'. "बंब लावलाय गं, शाल काढ आता," हे वाक्य ऐकले आणि मला आईचा आवाज आठवला. मिरजेत आमच्या घरी हे शब्द आता कोणी वापरत नाही. बंबच नाही, तर शब्द कुठून राहणार? ताईकडेही तांब्याचा बंब नाही, पण शब्द राहिला. बोलायला माणूस नसले की भाषा झिजत नाही, नुसती जपली जाते. हे चांगले की वाईट, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

नाताळच्या दिवशी लंडनमध्ये भुयारी रेल्वे धावत नाही, बसही नाही. एवढे मोठे शहर, पण रस्ता आपल्याकडच्या अमावास्येच्या दुपारसारखा सामसूम. भाचा, त्याची इंग्रज बायको आणि दोन मुले मोटारीने आली. जेवायला टर्की होती आणि तिच्या शेजारी चिमुकल्या कोबीच्या गड्ड्यांची, गोडा मसाला घालून ताईने केलेली भाजी. नातवंडांनी कागदी मुकुट घातले, मलाही घातला. दुपारी तीन वाजता दूरदर्शनवर राजाचे भाषण झाले. ते संपायच्या आत खिडकीबाहेर काळोख दाटू लागला. मुलांना मराठी येते ती 'आजी', 'पुरे' आणि 'अजून थोडं', एवढीच. जेवणाच्या टेबलावर तेवढी पुरते.

दोन दिवसांनी ताई मला किंग हेन्रीज रोडवर घेऊन गेली. या रस्त्यावरच्या १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा अभ्यास तेव्हा चालू होता. १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले. आम्ही समोरच्या पदपथावर, वाऱ्यात उभ्या राहिलो. ताई भिंतीवरच्या गोल फलकाकडे पाहत होती. "ते शिकले आणि परत गेले," ती म्हणाली. "मीही तीन वर्षांसाठीच आले होते."

मी तेवढ्याचीच वाट पाहत होते. "मग आता चल ना माझ्याबरोबर," मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. रात्री मात्र जेवण झाल्यावर तिने फडताळातून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. हिशेब असा होता. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने तिने पूर्वीच भारतीय पारपत्र सोडले होते. पण परदेशस्थ भारतीय नागरिकांसाठीचे कार्ड तिच्याकडे आहे, त्यामुळे भारतात हवे तितके दिवस राहता येते. अडचण ती नव्हती. नोकरीच्या काळात राष्ट्रीय विमा भरणाऱ्यांना ब्रिटनचे सरकार उतारवयात निवृत्तिवेतन देते आणि ते दर एप्रिलमध्ये वाढवते. ते भारतात राहूनही मिळते. मात्र भारतात कायमचे राहायला गेले की ही वार्षिक वाढ बंद होते. पहिल्या वर्षी जो आकडा, तोच विसाव्या वर्षी. काही देशांत गेलेल्यांना वाढ मिळत राहते, पण भारत त्या देशांत नाही. रुग्णालयाचे निवृत्तिवेतन वेगळे होते. परंतु मुलगा लहान असताना तिने अनेक वर्षे अर्धवेळ काम केलेले, म्हणून तेही बेताचे. शिवाय १९४८ मध्ये सुरू झालेली तिथली मोफत आरोग्यसेवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. कायमचा देश सोडला की तो हक्क उरत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ताईचे नाव प्रतीक्षायादीत होते.

"ज्या सेवेत जन्म काढला, तिच्याच दारात पाहुणी म्हणून उभी राहू का?" ती म्हणाली.

हिशेब खरा होता. तरी तो सांगायला तिने जरा जास्तच वेळ घेतला, असे मला वाटले. कारण रोज सकाळी नऊला तिचा दूरध्वनी वाजे. पलीकडे तिच्याबरोबर नोकरीत असलेली, जमैकातून आलेली मैत्रीण असे. दोघी एकटीच राहतात. एकमेकींना एवढेच विचारतात, की उठलीस ना? मंगळवारी आयरिश मैत्रीण विणकाम घेऊन येई. डॉलिस हिल भागात १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तिथल्या मैत्रिणींनी भाऊजी गेल्यावर तेरा दिवस दारात डबा ठेवला होता, घंटी वाजवून, लांब उभ्या राहून. मिरजेत मी तिला काय देणार होते? वरच्या मजल्यावरची खोली आणि तिला ओळखत नसलेली गल्ली.

निघायच्या आदल्या रात्री ताईने रिकामी पेटी स्वतःच ओढून आणली. ती कशासाठी आणली होती, हे तिने कधी विचारले नाही. तिला ते पहिल्या दिवशीच कळले असावे. भाऊजींचे लोकरी कोट, हातमोजे, मफलर एकेक घडी करून तिने पेटी भरली.

"मिरजेच्या थंडीला हे जास्तच होईल," ती म्हणाली, "पण पहाटे दूध घालायला येणारा कोणी असेल, त्याला दे. आणि मी कैऱ्यांच्या दिवसांत येते. महिनाभर. तोवर त्या खोलीत काही सामान भरून ठेवू नकोस."

चला, समजून घेऊया

या पाठात थंडी दोन ठिकाणी लपवलेली आहे. १९७४ च्या पत्रांत ताई थंडीविषयी लिहीत नाही. २०२३ मध्ये ती एकटेपणाविषयी बोलत नाही, निवृत्तिवेतनाविषयी बोलते. 'जरा जास्तच वेळ घेतला' या शब्दांत लेखिकेला काय सुचवायचे आहे, ते यावरून शोधता येईल. मात्र ताईने दिलेले कारण खोटे आहे, असे समजू नका. पैशांचा हिशेब आणि मनाचा हिशेब इथे एकाच फाइलमध्ये आहेत.

भाषेकडेही पाहा. 'बिऱ्हाड' म्हणजे घर खरे, पण बहुधा भाड्याचे, तात्पुरते. मालकीच्या घरालाही ताई हाच शब्द वापरते. 'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. 'पारपत्र' हा पासपोर्टसाठी घडवलेला शब्द. 'फडताळ' तुमच्या बोलण्यात नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा.

स्वाध्याय

१. लेखिकेने दोन पेट्या का नेल्या? शेवटी दुसऱ्या पेटीत काय भरले गेले?

२. 'तिला विचारले नव्हते.' हे छोटे वाक्य स्वतंत्रपणे का लिहिले असावे? तुमचे मत चार-पाच ओळींत लिहा.

३. ताईने परत यावे की तिथेच राहावे? पाठातील माहितीच्या आधारे दोन्ही बाजू मांडा.

४. दूर राहणाऱ्या तुमच्या एखाद्या नातलगाला पत्र लिहा. आजवर ज्या गोष्टीविषयी तुम्ही त्यांना कधीच लिहिले किंवा सांगितले नाही, अशी एक गोष्ट त्यात असू द्या.