कधी कधी अंगणही वाकडे असते!

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक दुखण्याची गर्दी सुरू होते. शाळांची स्नेहसंमेलने जवळ आलेली असतात, नृत्याच्या परीक्षाही तोंडावर असतात. आठ ते सोळा वर्षांच्या मुली, आणि आता मुलगेसुद्धा, लंगडत येतात. सोबतच्या आईचे वाक्य ठरलेले असते, "डॉक्टर, कार्यक्रमापुरते काहीतरी द्या."

काही वर्षांपूर्वी मी ते 'काहीतरी' दिले. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून आजचा विषय नाचणाऱ्या पायांचा.

मुलगी तेरा वर्षांची. चौथे वर्ष कथक शिकत होती, मध्यमा प्रथमच्या परीक्षेची तयारी चालली होती. शिवाय संमेलनात सिनेमाच्या गाण्यावर नाच. सकाळी तत्कार आणि संध्याकाळी उड्या! नडगी आतल्या बाजूने दुखत होती. एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. मी पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि क्रेप बँडेज दिले आणि म्हणालो, "विशेष काही नाही, स्नायू दुखावला आहे." गोळ्यांनी दुखणे दबले आणि मुलगी दुप्पट जोमाने नाचली. तीन आठवड्यांनी आली तेव्हा तिला पाऊल टेकवत नव्हते. दुसऱ्या एक्स-रेमध्ये नडगीच्या हाडावर बारीक चीर दिसली. परीक्षा गेली, संमेलनही गेले.

अशा चिरेला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे ती साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. हे मला माहीत होते. पण मी बोटाने नडगी चाचपून पाहिली नाही. एकाच बिंदूवर दाबल्यावर कळ आली असती, तर एक्स-रे स्वच्छ असूनही नाच थांबवायला हवा होता. चूक मुलीची नव्हती, माझी होती.

हाड सावकाश शिकते

बोल पाठ व्हायला काही दिवस पुरतात. स्नायू तयार व्हायला काही आठवडे लागतात. हाड मात्र महिने घेते. पाय आपटण्याचा ताण वाढला की शरीर हाडाचा जुना भाग झिजवते आणि तिथे नवा, बळकट भाग भरते. झीज आधी होते, भरणी मागाहून. या मधल्या काळात सराव एकदम वाढवला तर हाड चिरते. 'कालपर्यंत अर्धा तास आणि आजपासून तीन तास' हा हिशेब म्हणूनच धोक्याचा. सराव दर आठवड्याला थोडा थोडा वाढवावा आणि आठवड्यात एक दिवस पायांना पूर्ण सुट्टी द्यावी.

ज्याची त्याची पायरी

प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा पायरीपायरीने ठेवल्या आहेत, त्याला शरीराच्या दृष्टीनेही अर्थ आहे.

नवशिक्यांनी आधी उभे राहायला शिकावे. भरतनाट्यममध्ये अर्धे बसून गुडघे बाहेर उघडायचे असतात. ते खुब्यातून उघडले पाहिजेत. खुबा उघडत नाही म्हणून मूल नुसती पावले बाहेर वळवते आणि सगळा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो. अशा वेळी कमी बसावे, पण नीट बसावे. उंची भराभर वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचे उंचवट्याचे हाड दुखू लागले तर उड्या आणि पूर्ण बैठक काही दिवस बंद ठेवावी.

मधल्या पायरीवर लय दुगुन-चौगुन होते आणि घुंगरे वाढतात. एकदा मी एका पायाची शंभर घुंगरे तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर ठेवली, ती किलोभराच्या वर भरली! घुंगरे आणि लय दोन्ही एकाच महिन्यात वाढवू नयेत.

वरच्या पायरीवरचा धोका वेगळा. सडपातळ दिसण्यासाठी मुली जेवण तोडतात. रियाझ भरपूर आणि जेवण अपुरे असले की पाळी लांबते, कधी बंद होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. पाळी तीन महिने आली नाही तर लाजू नका, तपासून घ्या.

चाळिशीनंतर हौसेने क्लासला जाणाऱ्या भगिनींचे मला कौतुक वाटते. त्यांनी आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते, जखम कळत नाही. अनवाणी नाचून झाल्यावर तळपाय रोज पाहावेत. नाचताना छातीत दडपले तर तिथेच थांबावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

पडद्यावरचा नाच

सिनेमातला नाच तुकड्या-तुकड्यांनी चित्रित होतो. मध्ये विश्रांती असते आणि गुडघ्यांवर आपटताना पोशाखाखाली अनेकदा पॅड बांधलेले असतात. मोबाइलवर पाहून आपले मूल तेच गाणे सलग नाचते, तेही पंधरा दिवसांच्या तयारीवर आणि उघड्या गुडघ्यांनी. नाचू द्या, पण गुडघ्यांवर पडणे आणि कोलांट्या शिक्षकांशिवाय नकोत. सुरुवातीला दहा मिनिटे अंग गरम करून घ्यावे.

'नाचता येईना, अंगण वाकडे' अशी म्हण आहे. पण डॉक्टर म्हणून सांगतो, कधी कधी अंगणही वाकडे असते! सिमेंटवर बसवलेली फरशी पायाचा धक्का जराही झेलत नाही, सगळा नडगीला परत देते. लाकडी जमीन उत्तम. ती नसेल तर सारवलेली मातीची जमीनही फरशीपेक्षा बरी. घसरणारी चटई मात्र नको.

ताटाकडे पाहा

त्या मुलीचे हिमोग्लोबिन तपासले तर ९ निघाले. तिच्या वयाला ते १२ तरी हवे. थकलेला स्नायू धक्का झेलत नाही, मग तो हाडावर येतो. चहा-बिस्किटांवर रियाझ होत नाही. पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, दूध आणि नाचणीची भाकरी द्या. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणारीला नाचणी, हे लक्षात ठेवायला सोपे!

दुखणे रात्री झोपेतही राहिले, एकाच बिंदूवर कळ आली, सूज दिसली किंवा मूल लंगडू लागले तर नाच बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. गोळी खाऊन नाचणे म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवणे.

त्या मुलीचे वडील चिडून म्हणाले होते, "सुधा चंद्रन कृत्रिम पायावर नाचली, आणि हिला एवढेसे सोसत नाही?" मी म्हणालो, "त्यांचा अपघात १९८१ चा आणि त्या पुन्हा रंगमंचावर आल्या १९८४ मध्ये. मधली तीन वर्षे विसरू नका. मी तुमच्याकडे फक्त आठ आठवडे मागतो आहे."

ते आठ आठवडे तिच्या ताईंनी वाया जाऊ दिले नाहीत. मुलीला रोज क्लासला बोलावले, पाय पसरून बसवले आणि हातावर ताल धरून पढंत करून घेतली. बसून करायचा अभिनयही शिकवला. पुढच्या सत्रात ती परीक्षेला बसली आणि पास झाली. पेढे द्यायला आल्या तेव्हा ताई म्हणाल्या, "डॉक्टर, हिची लय आता पूर्वीपेक्षा पक्की झाली आहे." मी आधी तिची नडगी बोटाने चाचपून पाहिली आणि मगच पेढा घेतला.