हॉस्पिसची सेवा चांगली की वाईट, हे कसे ओळखावे?

एखादे हॉस्पिटल चांगले की वाईट, हे आपण सहसा तिथे जाऊन किती जण बरे झाले यावरून ठरवतो. हॉस्पिसला हे माप लागू पडत नाही. आजार बरा होण्याची शक्यता संपलेले रुग्ण तिथे येतात आणि त्यातले बरेचजण तिथेच शेवटचा श्वास घेतात. मग नातेवाईक दुसरी मापे लावतात : इमारत स्वच्छ आहे का, सिस्टर गोड बोलतात का, पैसे किती घेतात. हे जरूर पाहावे. पण रुग्णाचा त्रास कमी करणे हे हॉस्पिसचे मुख्य काम, आणि त्रास कमी झाला की नाही हे मोजता येते.

या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक उपचार म्हणतात. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तिथून आधुनिक हॉस्पिसची सुरुवात मानतात. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६ सालचे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. या दोन्ही ठिकाणी कॅन्सरच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते. तेव्हा महाग तेच चांगले, हा समज आधी सोडावा.

पहिला प्रश्न वेदनेचा. रुग्णाला रोज विचारतात का, की शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य, तर आज किती? तो आकडा नाडी-तापासारखा कागदावर लिहितात का? आणि महत्त्वाचे म्हणजे, तोंडाने औषध दिल्यावर तासाभराने पुन्हा विचारतात का? आठाचा तीन झाला तर औषध लागू पडले. आठाचा सातच राहिला तर डॉक्टरांना कळवायला हवे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. रुग्ण बोलू शकत नसेल तर कूस बदलताना त्याचा चेहरा आक्रसतो का, तो कण्हतो का, हे पाहतात. “आता दुखणारच” हे उत्तर मिळाले, तर तिथली सेवा कच्ची आहे असे समजावे.

दुसरी चौकशी मॉर्फिनची. तीव्र वेदनेवर हे मुख्य औषध आणि त्याची गोळी काही फार महाग नसते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळवणे फार किचकट झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची वाट सोपी केली. तरीही अनेक ठिकाणी ते ठेवतच नाहीत. म्हणून स्पष्ट विचारावे : तुमच्याकडे तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आहे का? साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. “दुखले तर मागा” ही पद्धत चुकीची. मॉर्फिनने बहुधा बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. ते लिहून दिलेले नसेल तर कारण विचारा. व्यसन लागेल या भीतीने घरचेच गोळी लपवून ठेवतात, हेही घडते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याची भीती फार कमी असते.

मग अंगाची निगा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचेला जखमा होतात. चादर उचलून पाहायला संकोच करू नका. ओठ सुकलेत का, तोंड ओल्या कापडाने पुसतात का, तेही बघा. विनयपिटकातल्या महावग्गात, अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले अशी कथा आहे. चांगल्या शुश्रूषकाची लक्षणेही तिथे सांगितली आहेत : त्याला औषध करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, मलमूत्र-वांतीची किळस नसावी, सेवा लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने व्हावी, रुग्णाला धम्मकथेने धीर देता यावा. आजही याहून फारसे वेगळे तपासायचे नसते.

धीर देणे म्हणजे आपली प्रार्थना रुग्णावर लादणे नव्हे. त्याला परित्राण पाठ ऐकायचा आहे, भजन हवे आहे की नुसती शांतता, हे त्याला विचारायला हवे. आजार किती पुढे गेलाय हे त्याला जाणून घ्यायचे आहे का, हेसुद्धा त्यालाच विचारावे. आपल्याकडे ही बोलणी बहुतेकदा दाराबाहेर मुलाशी होतात.

शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते. अशा वेळी बळेच भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. घरचे हट्ट धरतात, तेव्हा चांगली सिस्टर त्यांच्यावर खेकसत नाही. जवळ बसून समजावते आणि ओठ ओले कसे करायचे ते दाखवते.

रुग्णाला घरी न्यायचे असेल, तर निघण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्या : औषधांच्या वेळा मराठीत लिहिलेला कागद, जखम व लघवीची नळी सांभाळायचे प्रात्यक्षिक, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. तो नंबर तिथल्या तिथे लावून पाहा. मृत्यू घरी झाला तर दाखला कोण देणार, हेही त्याच वेळी विचारून ठेवा.