विद्यापीठाचे संगणकजाळे आणि फुकटचे संगीत

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकावयास गेलेल्या शॉन फॅनिंग या तरुणाने १९९९ च्या जून महिन्यात ‘नॅप्स्टर’ ही प्रणाली लोकांपुढे आणली. एकाच्या संगणकातील गाणे दुसऱ्याने थेट उतरवून घ्यावे, अशी तिची योजना होती. त्या काळी अमेरिकेत बहुतेक घरांतून दूरध्वनीच्या तारेवर चालणारी मंद जोडणी असे. विद्यापीठांच्या वसतिगृहांत मात्र वेगवान जाळे खोलीखोलीपर्यंत पोचलेले होते. साहजिकच हा प्रकार विद्यार्थ्यांमध्ये झपाट्याने फैलावला. न्यायालयाच्या आदेशामुळे नॅप्स्टर २००१ च्या जुलैमध्ये बंद पडले. परंतु ‘काझा’सारख्या इतर प्रणालींनी त्याची जागा घेतली.

‘मी केवळ घेतले, कोणाला दिले नाही,’ असे विद्यार्थी म्हणत असत. हा समज बहुधा चुकीचा असे. अशा प्रणालीत उतरवून घेतलेले गाणे ज्या कप्प्यात साठते, तो कप्पा सामान्यतः इतरांसाठीही खुला असतो. म्हणजे घेणारा नकळत वाटपही करीत असतो, आणि कायद्याच्या दृष्टीने प्रत काढणे व वाटणे हे दोन वेगळे भंग होत.

दुसरा समज गुप्ततेचा. जाळ्यावर वावरणाऱ्या प्रत्येक संगणकाला एक आकडेवारी पत्ता मिळतो. स्वामित्वहक्कधारकांचे तपासनीस त्याच प्रणालीत सामान्य सभासदाप्रमाणे शिरत आणि गाणे, पत्ता व वेळ यांची नोंद करीत. त्या वेळी तो पत्ता कोणत्या खोलीला दिला होता, हे विद्यापीठाच्या नोंदींवरून कळू शके. त्यामुळे आधी ‘अनामिक’ व्यक्तीवर दावा लावावयाचा आणि मग न्यायालयामार्फत विद्यापीठाकडून नाव मिळवावयाचे, अशी पद्धत रूढ झाली.

या दाव्यांतील रकमा विचार करावयास लावणाऱ्या आहेत. २००३ च्या एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रण उद्योगाने तीन संस्थांतील चार विद्यार्थ्यांवर दावे लावले. त्यांनी प्रत्येकी १२,००० ते १७,५०० डॉलर देऊन तडजोड केली. अमेरिकन कायद्यानुसार प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि भंग हेतुपुरस्सर असल्यास १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई ठरविता येते. प्रत्यक्ष नुकसान किती झाले, हे सिद्ध करण्याची आवश्यकता नसते. २००९ मध्ये बोस्टन विद्यापीठातील एका विद्यार्थ्यास ३० गाण्यांसाठी ६,७५,००० डॉलर, म्हणजे गाण्यामागे २२,५०० डॉलर, भरावेत असा ज्यूरीने निर्णय दिला. न्यायाधीशांनी ही रक्कम एकदशांश केली. परंतु अपिलात तो आदेश टिकला नाही, आणि २०१३ मध्ये मूळ रक्कमच कायम झाली. २००३ मध्ये सुरू झालेल्या आयट्यून्सच्या दुकानात एक गाणे ९९ सेंटांस मिळत होते, हे येथे लक्षात घ्यावे.

विद्यापीठासही हात झटकून मोकळे होता येत नाही. जाळे पुरविणाऱ्या संस्थेला १९९८ च्या कायद्याने संरक्षण दिले, परंतु वारंवार भंग करणाऱ्यांची जोडणी तोडण्याचे धोरण तिने ठेवले पाहिजे, या अटीवर. २००८ च्या उच्च शिक्षणविषयक कायद्याने विद्यार्थ्यांना या धोक्यांची माहिती देणे संस्थांवर बंधनकारक केले. म्हणूनच न्यायालयापर्यंत प्रकरण न जाताही जोडणी गमावणे, शिस्तभंगाची कारवाई होणे हे परिणाम संभवतात. गाण्याच्या नावाने आलेल्या फायलीत संगणकास अपाय करणारा कार्यक्रम दडलेला असतो, किंवा चुकीचा कप्पा खुला राहून स्वतःचे खाजगी कागदपत्र जगापुढे जातात, हे धोके निराळेच.

नवे सरसकट दावे थांबविण्याचा निर्णय उद्योगाने २००८ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केला. कायदा मात्र बदलला नाही. तीस गाण्यांसाठी एवढा दंड न्याय्य आहे काय, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याचे उत्तर आपल्या बाजूने लागेल या भरवशावर विद्यार्थ्याने आपले भवितव्य पणास लावणे, हे शहाणपणाचे नव्हे.