भुंगे किती?

नुसतं समीकरण दिलं की आपण झटकन सोडवतो. तेच चार वाक्यांत आलं की पेन थांबतं. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत माझे तरी मार्क इथेच जायचे. म्हणून भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (सुमारे इ.स. ११५०) एक उदाहरण घेऊ.

थव्यातले १/५ भुंगे कदंबावर गेले, १/३ शिलींध्राच्या फुलांवर. या दोन संख्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर. एकच उरला, हवेत घिरट्या घालत. एकूण किती?

एकूण भुंगे ‘क्ष’ मानू. पहिले क्ष/५, दुसरे क्ष/३. आता गोची! तिप्पट कशाची? थव्याची नाही, फरकाची. ‘या’ हे सर्वनाम कुणाकडे बोट दाखवतंय ते बघा. इथे चुकतं ते मराठी, गणित नव्हे.

फरक = क्ष/३ − क्ष/५ = २क्ष/१५
तिप्पट = ६क्ष/१५
गेलेले = ३क्ष/१५ + ५क्ष/१५ + ६क्ष/१५ = १४क्ष/१५

उरला क्ष/१५, म्हणजेच १. म्हणून क्ष = १५. ताळा: ३ + ५ + ६ + १ = १५.

‘लीलावती’त यासाठी ‘इष्टकर्म’ आहे: मनाने एक संख्या धरायची. ३० धरा. गेले ६, १० आणि १२, उरले २. उरायला हवा १, म्हणून ३० चे निम्मे. सगळे हिस्से एकूणाच्या प्रमाणात असले तरच हे असं सरळ चालतं.

आता तुम्ही करा. मांडवीच्या बाजारात आईने दिलेल्या पैशांतले अर्धे पणत्यांना गेले, उरलेल्यांपैकी १/३ रांगोळीला. हातात १०० रुपये राहिले. आईने किती दिले होते? ‘उरलेल्यांपैकी’कडे नीट बघा हं.